भिजत घोंगडं: ब्रेक्झिटची संसदीय कोंडी, २०१८-१९

१ एप्रिल २०१९ च्या रात्री ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात चार प्रस्ताव मताला आले आणि चारही पडले. त्यातला सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा तीन मतांनी हुकला. पाचच दिवसांपूर्वी अशाच मतदानात आठच्या आठ पर्याय पडले होते. युरोपीय महासंघातून बाहेर पडण्यासाठी, म्हणजे ब्रेक्झिटसाठी, सरकारनं महासंघाशी केलेला करार तोवर तीनदा फेटाळला गेला होता. कराराशिवाय बाहेर पडायचं नाही असंही याच सभागृहानं ठरवलं होतं, आणि बाहेर पडणंच रद्द करायलाही नकार दिला होता. टीव्हीसमोर बसलेल्या माणसानं यातून सरळ अर्थ काढला: यांना काहीच करायचं नाही.

प्रत्यक्षात जवळपास प्रत्येक खासदाराला काही ना काही हवं होतं. पण एकाही पर्यायामागे निम्म्याहून जास्त जण उभे नव्हते, आणि जो तो दुसऱ्याचा पर्याय पाडू शकत होता. हे का झालं ते खासदारांच्या स्वभावापेक्षा मतदानाच्या पद्धतीत आणि आकड्यांत जास्त स्पष्ट दिसतं.

प्रश्न एक, उत्तरं अनेक

२३ जून २०१६ च्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, महासंघात राहायचं की बाहेर पडायचं. ७२.२ टक्के मतदान झालं. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडायला कौल दिला, १ कोटी ६१ लाख लोकांनी राहायला, टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१. इंग्लंड आणि वेल्स एका बाजूला, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड दुसऱ्या.

घर सोडायचं हे ठरलं, पण कुठल्या घरात राहायला जायचं हे कुणी विचारलं नव्हतं. नॉर्वेसारखं एकल बाजारपेठेत राहता आलं असतं, पण मग लोकांच्या मुक्त संचाराला हो म्हणावं लागलं असतं. सीमाशुल्क संघात, म्हणजे बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच आयातशुल्क असलेल्या गटात, राहिलं तर बंदरांवरचे अडथळे कमी राहिले असते, पण अमेरिकेशी किंवा भारताशी मालाच्या व्यापाराचा स्वतंत्र करार करून आयातशुल्क ठरवता आलं नसतं. कॅनडासारखा साधा व्यापार करार केला तर दोन्ही कटकटी सुटत होत्या, पण मग आयर्लंड आडवं येत होतं. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हळूहळू अदृश्य झाली होती. तिथे पुन्हा तपासनाकी उभी करायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटचा मार्ग म्हणजे काहीच करार न करता जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांवर बाहेर पडायचं.

यातलं काय हवं ते आधी ठरवून मग महासंघाला बाहेर पडायची नोटीस द्यायला हवी होती. झालं उलटं. फेब्रुवारी २०१७ मध्ये नोटिशीच्या विधेयकाला ४९८ विरुद्ध ११४ मतांनी मंजुरीचा पहिला टप्पा मिळाला, आणि २९ मार्च २०१७ ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी लिस्बन करारातलं कलम ५० लागू केलं. या कलमाची कळ अशी की दोन वर्षांचं घड्याळ आपोआप चालू होतं. मुदत संपेपर्यंत काहीच ठरलं नाही तर देश कराराशिवाय बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या २७ देशांचं एकमत लागतं. डिसेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयानं तिसरी वाट दाखवली: नोटीस एकतर्फी मागे घेता येईल. पण त्यासाठी लागणारं राजकीय धैर्य दोन्ही मोठ्या पक्षांकडे नव्हतं.

आणि मग मे यांनी हातातलं बहुमतही घालवलं. जून २०१७ च्या मुदतपूर्व निवडणुकीत त्यांचा हुजूर पक्ष ३१७ वर आला. उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं. ज्या प्रश्नावर आयर्लंडची सीमा सगळ्यात नाजूक, त्याच प्रश्नावर आयर्लंडमधल्याच एका कडव्या पक्षाच्या हातात सरकारचा प्राण. याहून वाईट मांडणी जाणूनबुजून करता आली नसती.

मोजणी

सभागृहात जागा ६५०. आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या शिन फेन पक्षाचे सात सदस्य शपथच घेत नाहीत. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत. उरले ६३९, म्हणजे बहुमताला ३२०. हुजूर आणि डीयूपी मिळून ३२७, त्यातला एक उपसभापती वगळला की ३२६. सात जण फुटले की सरकारचा पराभव.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मे यांनी ५८५ पानांचा करार आणला. त्यात ‘बॅकस्टॉप’ नावाची तरतूद होती: सीमेवर दुसरा उपाय सापडेपर्यंत सगळं ब्रिटन महासंघाशी एकाच सीमाशुल्क क्षेत्रात राहील, उत्तर आयर्लंडला काही जास्तीचे नियम लागू राहतील, आणि यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. हुजूर पक्षातल्या कडव्या ब्रेक्झिटवाल्यांना हा सापळा वाटला, डीयूपीला आपल्याला ब्रिटनपासून तोडायचा डाव वाटला, आणि विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाला हा करार पाडून निवडणूक हवी होती. महासंघात राहू इच्छिणाऱ्यांना वाटत होतं की करार पडला तर दुसरं सार्वमत मिळेल. चौघांची कारणं वेगवेगळी, मत मात्र एकच: नाही.

करार संसदेपुढे आणणं कायद्यानं बंधनकारक होतं. डिसेंबर २०१७ मध्ये बंडखोर हुजूर खासदार डॉमिनिक ग्रीव्ह यांची दुरुस्ती ३०९ विरुद्ध ३०५ नं मंजूर झाली होती, तिचा हा परिणाम. तीन वेळा मतदान झालं:

१५ जानेवारी २०१९: २०२ विरुद्ध ४३२, २३० मतांनी पराभव. सत्तेतल्या सरकारचा एवढा मोठा पराभव आधी झाला नव्हता. हुजूर पक्षाचे ११८ जण विरोधात गेले.
१२ मार्च: २४२ विरुद्ध ३९१. बंडखोर ७५. त्याच दिवशी सकाळी सरकारचे कायदा सल्लागार, अॅटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी लेखी मत दिलं की बॅकस्टॉपमध्ये अडकून पडायचा कायदेशीर धोका तसाच आहे. त्या एका कागदानं दिवस संपला.
२९ मार्च: २८६ विरुद्ध ३४४. बंडखोर ३४.

दोष कुणाला द्यायचा हा वाद तिसऱ्या मतदानावरून आजही चालतो. त्या ३४ पैकी २८ कडवे ब्रेक्झिटवाले होते, स्वतःला ‘स्पार्टन’ म्हणवणारे. उरलेले सहा दुसरं सार्वमत मागणारे. सगळं त्या २८ जणांमुळे अडलं असं सर्रास म्हटलं जातं. जरा हिशेब करून बघा. २८ जण बाजू बदलून आले असते तर ३१४ विरुद्ध ३१६. करार तरीही दोन मतांनी पडला असता. डीयूपीचे दहाही सोबत आले असते तर मात्र काम होत होतं. बॅकस्टॉप आहे तोवर ते येणार नव्हते, आणि बॅकस्टॉप काढला की युरोप सही करणार नव्हता.

मध्येच, १८ मार्चला, सभापती जॉन बर्को यांनी १६०४ पासूनचा संकेत काढून दाखवला: तोच प्रस्ताव त्याच अधिवेशनात पुन्हा मताला आणता येत नाही. म्हणून तिसऱ्या वेळी मे यांना कराराचा फक्त कायदेशीर भाग आणावा लागला, पुढच्या संबंधांबद्दलची सोबतची राजकीय घोषणा बाजूला ठेवून.

आठ पर्याय, आठ नकार

सरकारला जमत नाही तर आम्ही ठरवतो, म्हणून २५ मार्चला खासदारांनी ३२९ विरुद्ध ३०२ मतांनी कामकाजाचा ताबा घेतला. २७ मार्चला १६ सूचनांपैकी आठ सभापतींनी निवडल्या. एरवीची मतविभागणी म्हणजे घंटा वाजते, आठ मिनिटांत होकाराच्या किंवा नकाराच्या मार्गिकेत शिरायचं, मग दारं बंद आणि डोकी मोजायची. एका मतविभागणीला पाव तास जातो. आठ वेळा हे केलं असतं तर दोन तास गेले असते, म्हणून त्या संध्याकाळी कागद वाटले. प्रत्येक पर्यायापुढे हो किंवा नाही अशी खूण करायची, वेळ अर्धा तास.

चूक इथेच झाली. पसंतीक्रम लावायचा नव्हता, आणि सगळ्यात कमी मतांचा पर्याय बाद करत जायचीही सोय नव्हती. ज्याला दुसरं सार्वमत हवं त्याला सीमाशुल्क संघ ‘चालेल’ असं सांगायची जागाच कागदावर नव्हती. त्याला ‘हो’ म्हटलं तर आपला पर्याय मागे पडेल ही भीती. त्यामुळे दुसरी पसंतीसुद्धा ‘नाही’च्या रकान्यात गेली. १ एप्रिलला सीमाशुल्क संघ तीन मतांनी पडला तेव्हा स्कॉटिश नॅशनल पक्ष तटस्थ राहिला होता, आणि मजूर व हुजूर पक्षांतून नव्यानं फुटून निघालेल्या गटाच्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं होतं. दोघांचाही ब्रेक्झिटलाच विरोध. महासंघाच्या सगळ्यात जवळचा, जिंकू शकेल असा पर्याय युरोपप्रेमींनीच पाडला. नॉर्वेसारखा पर्याय मांडणारे निक बोल्स त्याच रात्री सभागृहात पक्ष सोडत असल्याचं सांगून बाहेर पडले.

हा धडा नवा नव्हता. ४ फेब्रुवारी २००३ ला वरिष्ठ सभागृहाच्या रचनेबाबत कनिष्ठ सभागृहापुढे सात पर्याय ठेवले होते, प्रत्येकावर वेगळं हो किंवा नाही, आणि सातही नाकारले गेले होते. सोळा वर्षांनी तीच पद्धत पुन्हा वापरली. केनेथ क्लार्क यांच्यासारख्या ज्येष्ठांनी पसंतीक्रमाची सूचना केली होती. ती तशीच राहिली.

दोन दिवसांनी, ३ एप्रिलला, सरकारला मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक एका दिवसात ३१३ विरुद्ध ३१२ नं मंजूर झालं. त्याच दिवशी आणखी पर्यायी मतदान घ्यायचं की नाही यावर ३१० विरुद्ध ३१० अशी बरोबरी झाली. संकेताप्रमाणे सभापतींनी विरोधात मत दिलं.

‘करून टाका एकदाचं’

२० मार्चच्या रात्री मे टीव्हीवर आल्या आणि जनतेला म्हणाल्या की तुम्ही या भांडणांना, कामकाजाच्या किचकट वादांना कंटाळला आहात, आणि मी तुमच्या बाजूनं आहे. म्हणजे दोष खासदारांचा. ज्यांची मतं हवीत त्यांनाच लोकांपुढे उघडं पाडायचं, हा कुठला शहाणपणा! नऊ दिवसांनी करार पुन्हा पडला.

लोक वैतागले होते हे खरंच, पण दोन उलट्या दिशांनी. कलम ५० मागे घ्या, असं सांगणाऱ्या संसदेच्या संकेतस्थळावरच्या अर्जाला ६० लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ कोलमडत होतं. सही करायला नाव, ईमेल आणि पोस्टकोड लागत होता, ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारल्याशिवाय सही मोजली जात नव्हती. एक लाखानंतर चर्चेचा विचार होतो. चर्चा झाली, १ एप्रिललाच, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, आणि सरकारनं आधीच नाही कळवलं होतं. कराराविना बाहेर पडा, असं सांगणाऱ्या दुसऱ्या अर्जालाही लाखांनी सह्या होत्या. २३ मार्चला लंडनमध्ये दुसऱ्या सार्वमतासाठी प्रचंड मोर्चा निघाला. संडरलँडहून निघालेला ब्रेक्झिटवाल्यांचा मोर्चा २९ मार्चला, म्हणजे मूळ निर्गमनाच्याच दिवशी, संसदेसमोर पोचला.

‘करून टाका एकदाचं’ हे वाक्य दोन्हीकडे होतं. एकाला त्यातून ‘बाहेर पडा’ म्हणायचं होतं, दुसऱ्याला ‘विषय संपवा’, तिसऱ्याला ‘माझ्या टीव्हीवरून हे काढा’. तिसऱ्यासाठी एका वृत्तवाहिनीनं ऑक्टोबरमध्ये ब्रेक्झिटची एकही बातमी नसलेली वेगळी वाहिनीच चालू केली. संसदेचा अभ्यास करणाऱ्या हॅन्सर्ड सोसायटीच्या त्या वर्षीच्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी नियम मोडायची तयारी असलेला खंबीर नेता हवा असं म्हटलं. हा आकडा संसदेला घाबरवायला पुरेसा होता.

मतपेटीत हा राग मे महिन्यात उतरला. २ मेच्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षानं तेराशेहून जास्त जागा गमावल्या. एरवी विरोधकांची चांदी झाली असती, पण मजूर पक्षाच्याही ऐंशीहून जास्त गेल्या. लाभ लिबरल डेमोक्रॅटांचा. २३ मेच्या युरोपीय निवडणुकीत नव्यानं उभ्या राहिलेल्या ब्रेक्झिट पक्षानं २९ जागा जिंकल्या. हुजूर पक्षाच्या चार, क्रमांक पाचवा. ज्या संसदेतून बाहेर पडायचं, तिच्याच निवडणुकीत भाग घ्यावा लागला, हा या प्रकरणातला सगळ्यात कडू विनोद.

तारखा सरकल्या की काय होतं

२९ मार्च, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी. राजकारण्यांना प्रत्येक नवी तारीख म्हणजे सुटकेचा नि:श्वास. कारखान्याला ती नवी कटकट होती.

मोटार कारखान्यांनी २९ मार्चनंतर बंदरांवर गोंधळ होईल म्हणून उन्हाळ्यातली वार्षिक दुरुस्तीची सुट्टी एप्रिलमध्ये ओढली. मिनीचा ऑक्सफर्डचा कारखाना त्यात होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सच्या जॅग्वार लँड रोव्हरनंही एप्रिलमध्ये एक आठवडा काम बंद ठेवलं. ब्रेक्झिट पुढे गेलं, पण सुट्ट्या कामगारांना दिल्या होत्या, यंत्रदुरुस्तीची कंत्राटं झाली होती, सुटे भाग पुरवणाऱ्यांनी आपलं वेळापत्रक जुळवलं होतं. सुट्टी परत ओढता आली नाही. त्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधलं मोटार उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत ४४.५ टक्क्यांनी घसरलं, आणि ब्रेक्झिट झालंच नव्हतं. ऑक्टोबरसाठी पुन्हा साठा करायची वेळ आली तेव्हा गोदामं नाताळच्या मालानं भरलेली.

नाशवंत मालाला तर साठ्याचा उपायच नव्हता. कराराविना बाहेर पडल्यास आयातशुल्क काय असेल ते सरकारनं १३ मार्चला जाहीर केलं, मूळ तारखेच्या सोळा दिवस आधी. न्हावा शेवाहून ब्रिटनला जाणारा कंटेनर तीन आठवडे तरी समुद्रात असतो. म्हणजे नाशिकच्या द्राक्षांच्या ऐन हंगामात माल आधी सुटला आणि तो कुठल्या दरानं उतरणार हे नंतर कळलं.

स्विंडनचे गोंयकार

इंग्लंडमधल्या स्विंडन या शहरात पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोमंतकीय मोठ्या संख्येनं आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना जन्मनोंदणी लिस्बनला नेऊन हे नागरिकत्व मिळवता येतं. मग महासंघाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहायला, कामाला वेगळा व्हिसा लागत नव्हता. स्विंडननं सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतं बाहेर पडायला दिली होती.

या लोकांसाठी ‘सेटलमेंट स्कीम’ ३० मार्च २०१९ ला पूर्णपणे खुली झाली. सलग पाच वर्षं राहिलेल्याला कायमचा दर्जा, त्याहून कमी असेल तर पाच वर्षांचा तात्पुरता. ६५ पौंडांचं शुल्क रद्द करत असल्याचं जानेवारीत जाहीर झालं. पासपोर्टची चिप वाचणारं अॅप ऑक्टोबरपर्यंत फक्त अँड्रॉइडवर चालत होतं, त्यामुळे आयफोनवाल्यानं शेजाऱ्याचा फोन मागायचा. हे सगळं निभावून नेण्यासारखं होतं. खरा पेच वेगळा: करार झाला तर अर्जाची मुदत ३० जून २०२१, न झाला तर ३१ डिसेंबर २०२०. आणि करार न झाल्यास, बाहेर पडण्याच्या दिवसाआधी ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांनाच ही योजना लागू. त्यामुळे मडगावात पासपोर्ट हातात घेऊन बसलेल्याच्या दृष्टीनं वेस्टमिन्स्टरमधला प्रत्येक पराभव म्हणजे विमानाच्या तिकिटाची तारीख पुन्हा ठरवणं.

गाठ कशी सुटली

जुलैत मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. मुदतवाढ मागण्यापेक्षा खड्ड्यात मरून पडलेलं बरं, असं म्हणाले. संसद पाच आठवडे संस्थगित केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी ते बेकायदा ठरवलं. ३ सप्टेंबरला विरोधात मत देणाऱ्या २१ हुजूर खासदारांना पक्षाच्या गटातून काढलं, म्हणजे होतं नव्हतं ते बहुमतही गेलं. मुदतवाढीचं पत्र लिहायला भाग पाडणारा कायदा झाला. जॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरला पत्र पाठवलं, सही न करता.

दरम्यान त्यांनी एक गोष्ट केली जी मे करू शकल्या नव्हत्या: डीयूपीला सोडून दिलं. नव्या करारात तपासणी आयरिश समुद्रावर गेली, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये. २२ ऑक्टोबरला विधेयकाचं दुसरं वाचन ३२९ विरुद्ध २९९ नं मंजूर झालं. साडेतीन वर्षांत सभागृहानं एखाद्या कराराला पहिल्यांदाच हो म्हटलं. पंधरा-वीस मिनिटांनी, हे सगळं तीन दिवसांत उरकायचं वेळापत्रक मात्र ३०८ विरुद्ध ३२२ नं पडलं. कोंडी खरं तर त्या रात्रीच फुटली होती. दोन-तीन आठवडे जास्त दिले असते तर याच संसदेतून विधेयक बहुधा निघालं असतं. पण जॉन्सन यांना ‘संसद विरुद्ध जनता’ अशी निवडणूक हवी होती.

तीही सहज मिळाली नाही. २०११ च्या कायद्यानं मुदतपूर्व निवडणुकीला दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ मतं लागत. तीन प्रयत्नांत २९८, २९३ आणि २९९. शेवटी २९ ऑक्टोबरला साध्या बहुमताचं वेगळं छोटं विधेयक आणलं आणि ते ४३८ विरुद्ध २० नं झालं. १२ डिसेंबरला ‘गेट ब्रेक्झिट डन’ या तीन शब्दांवर हुजूर पक्षानं ४३.६ टक्के मतांत ३६५ जागा घेतल्या. दुसरं सार्वमत मागणाऱ्या पक्षांची मतं मिळून याहून जास्त होती, पण ती चार-पाच ठिकाणी वाटली गेली, जशी १ एप्रिलला कागदावर वाटली गेली होती.

३१ जानेवारी २०२० ला रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडलं. ‘३१ ऑक्टोबर २०१९’ अशी तारीख छापलेली ५० पेन्सची सुमारे दहा लाख नाणी त्याआधीच वितळवून टाकावी लागली होती. आयरिश समुद्रातल्या तपासणीवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपीनं उत्तर आयर्लंडचं सरकार सोडलं, आणि बेलफास्टची विधानसभा पुढची दोन वर्षं ठप्प राहिली.